घाटासाठी घडवलेला वेग

दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी ट्रकांचा विषय निघाला की एक शेरा हमखास कानावर येतो: गाडी दणकट, पण पळत नाही. जुने इंजिन, ते पळणार तरी किती, असे स्पष्टीकरणही लगेच जोडले जाते. हे स्पष्टीकरण पुराव्यावर टिकत नाही. कॅनडात बनलेल्या फोर्डच्या तीन टनी लष्करी ट्रकात आठ सिलिंडरांचे, ३.९ लिटरचे, ९५ अश्वशक्तीचे इंजिन असे. थोड्याफार फरकाने हेच इंजिन त्या काळच्या मर्क्युरी मोटारीत होते आणि मोकळ्या रस्त्यावर ती ताशी १३० किलोमीटरच्या पुढे जाई. ट्रक मात्र ८०च्या आसपास दमायचा आणि ताफ्यात तर ४० ते ५५च्या दरम्यानच चालायचा. इंजिन एकच असताना वेगात एवढे अंतर पडते, तेव्हा कारण इंजिनाच्या मागे शोधायला हवे. ते सापडते डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधोमध असलेल्या त्या लोखंडी गोळ्यात. तिथे जो आकडा ठरला तो कारागिरीतली उणीव नव्हती. तो जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता. त्या निर्णयाने युद्धातली रसद तर ठरवलीच, पण युद्धानंतर महाराष्ट्रातल्या मोटार वाहतुकीलाही काही काळ वळण दिले.

आकड्याचा अर्थ साधा आहे. इंजिनाकडून आलेला दांडा एका लहान दातेरी चाकाला, पिनियनला, फिरवतो आणि पिनियन मोठ्या क्राउनला. पिनियनच्या किती फेऱ्यांत क्राउनची, म्हणजेच रस्त्यावरच्या चाकाची, एक फेरी होते, तो हा आकडा. फोर्डच्या त्या वेळच्या मोटारीत तो ३.७८ होता आणि कॅनडाच्या तीन टनी, चारही चाकांना जोर देणाऱ्या ट्रकात ७.१६. आकडा जितका मोठा तितका चाकाला पीळ जास्त आणि वेग कमी. इथे जाणकार वाचक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे: ट्रकाचे टायर मोटारीपेक्षा कितीतरी मोठे, मग नुसते एक्सलचे आकडे शेजारी ठेवून काय उपयोग? म्हणून टायरसकट हिशेब करू. ट्रकाचे चाक एका फेरीत सुमारे ३.२ मीटर जाते, मोटारीचे सुमारे २.२ मीटर. म्हणजे टॉप गियरमध्ये एक किलोमीटर जायला ट्रकाचे इंजिन साधारण २,२४० वेळा फिरते आणि मोटारीचे १,७२० वेळा. फरक दुपटीचा नाही, तीस टक्क्यांचा आहे. मोठ्या आकड्याचा बराचसा भाग मोठ्या टायरनेच खाल्ला. पण टायर मोठे का होते? चिखलात आणि वाळूत गाडी रुतू नये म्हणून. मोठा टायर घ्यायचा तर पीळ कमी पडतो, तो भरून काढायला एक्सलचा आकडा वाढवावा लागतो, आणि त्याउपर सहा-सात टनांचा बोजा ओढायचा म्हणून तो आणखी वाढवावा लागतो. वेगातला उरलेला फरक वजनाचा आणि हवेला छाती देऊन चालणाऱ्या त्या चौकोनी तोंडाचा.

हा निर्णय किती शहाणपणाचा होता ते कागदावर कळत नाही, चढावर कळते. रत्नागिरी जिल्ह्यातले मुरुड समुद्रसपाटीला आहे आणि तिथून बारा-तेरा किलोमीटरवरचे दापोली सुमारे ८०० फूट उंचीवर. सरासरी काढली तर चढ किरकोळ वाटतो, पण कोकणातले चढ सरासरीने चढत नाहीत. सपाटीला ते गप्प असतात आणि आसूदच्या बाजूला एकदम अंगावर येतात. समजा पंधरास एक असा चढ आहे, रस्ता कच्चा आहे आणि भरलेल्या ट्रकाचे वजन साडेसहा टन आहे. नुसता चढ चढायला चाकांनी सव्वाचारशे किलोंहून अधिक जोर लावला पाहिजे आणि कच्च्या रस्त्याचा अडथळा धरला तर सहाशेच्या वर. टॉप गियरमध्ये या ट्रकाच्या चाकांशी जेमतेम तीनशे किलोंचा जोर पोहोचतो, तिसऱ्यात पाचशेच्या आसपास, दुसऱ्यात नऊशे. म्हणजे ड्रायव्हर दुसरा टाकून, इंजिनाला थोडी उसंत ठेवून, चढ पार करेल. याच ट्रकाला मोटारीचे ३.७८चे डिफरन्शियल बसवले तर दुसरा गियरही पुरत नाही. सगळा चढ पहिल्यात, क्लच जळत, रेडिएटर उकळत. शिवाय मोटारीसारखा सपाटीवरचा वेगही त्या बोज्याला मिळणार नाही तो नाहीच. उतारावर तर हा मोठा आकडा जीव वाचवतो. घाट उतरताना खालचा गियर टाकला की इंजिन स्वतःच गाडीला मागे खेचून धरते आणि ब्रेकवरचा ताण हलका होतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतार सोडणाऱ्या ड्रायव्हरांच्या कथा सह्याद्रीतल्या कुठल्याही घाटात मिळतात, आणि त्यांचा शेवट बहुधा दरीतच होतो.

तरीही घाट हे अर्धेच कारण. दुसरे अर्धे युद्धाच्या पूर्वतयारीत, किंवा खरे तर तिच्या अभावात आहे. १९३८-३९ मध्ये ऑकिनलेक आणि चॅटफिल्ड समित्यांनी हिंदी लष्कराच्या यांत्रिकीकरणाचा विचार केला तेव्हा या लष्कराचे सामान मुख्यतः जनावरांच्या पाठीवरून चालत होते. १९३९च्या डिसेंबरात फ्रान्सला गेलेल्या पहिल्या हिंदी तुकड्या रणगाड्यांच्या नव्हत्या, खेचरांच्या होत्या. मग जपान युद्धात उतरला आणि हजारो ट्रकांची गरज एकाएकी उभी राहिली. इथे मोटारी बनवायचा कारखाना नव्हता. सोलापूरचे वालचंद हिराचंद तो काढू पाहत होते, पण युद्धप्रयत्नाला त्याचा उपयोग नाही म्हणून सरकारने पाठबळ नाकारले. उरली मुंबईतली जोडणी: शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होता आणि फोर्डचाही मुंबईत होता. कॅनडातून पेट्यांमध्ये सुटे भाग यायचे आणि इथे त्यांची गाडी व्हायची. फोर्डची भारतातली कंपनी कॅनडाच्या फोर्डचीच शाखा असल्याने हा पुरवठा ओघानेच आला. त्याच चॅसिसवर टाटांच्या पोलादाचे चिलखत चढवून चार हजारांहून अधिक चिलखती गाड्याही इथे तयार झाल्या. बसक्या नाकाच्या या कॅनेडियन ट्रकात इंजिन जवळजवळ ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून असे, आणि पुढची काच वरून बाहेर झुकलेली, उन्हाची चमक शत्रूच्या विमानाला दिसू नये म्हणून. भारताच्या उन्हाळ्यात त्या केबिनमध्ये बसणाऱ्याचे काय होत असेल, हे ओटावातल्या आराखड्यात फारसे धरलेले दिसत नाही.

आता ही गाडी चालवणार कोण? खेड्यातून भरती झालेले, त्याआधी स्टिअरिंगला हात न लावलेले तरुण. गियरबॉक्स असा की दात आपोआप जुळत नसत. डबल क्लच करून, इंजिनाचा आवाज ऐकून गियर टाकावा लागे. काही आठवड्यांत तयार झालेल्या ड्रायव्हरच्या हाती तीन टन दारूगोळा आणि आसाम-मणिपूरचा रस्ता द्यायचा, तर गाडीने त्याच्या चुका पोटात घातल्या पाहिजेत. कमी वेगाचे गियरिंग ते करते: चुकीच्या गियरमध्येही गाडी ओढते, बंद पडत नाही. भरीला रबराचा प्रश्न. १९४२च्या सुरुवातीला मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती गेले आणि दोस्तांचा नैसर्गिक रबराचा मुख्य स्रोत तुटला. वेग वाढला की टायर तापतो आणि झिजतो, म्हणून अमेरिकेने आपल्या घरच्या रस्त्यांवरही ताशी ३५ मैलांची, म्हणजे ५६ किलोमीटरची मर्यादा घातली. पेट्रोलचे इथे १९४१ पासून रेशनिंग होते आणि खासगी बसगाड्या कोळशाच्या गॅसवर चालवल्या जात होत्या. त्या गॅसवर इंजिनाची ताकद इतकी घसरे की लष्करी ट्रकाचा वेग त्यापुढे घोडदौड वाटावा.

मग जीपचे काय, असा प्रश्न इथे येतो. तीही लष्करीच, तिलाही चारही चाकांचा जोर, आणि ती ताशी ६५ मैल, म्हणजे १०५ किलोमीटर जायची. हा दाखला माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट आधार देतो. जीपच्या एक्सलचा आकडा ४.८८ होता, कारण तिचे काम निरोप पोहोचवणे, टेहळणी करणे, अधिकाऱ्याला पुढे-मागे नेणे. ओझे नव्हते, घाई होती. चिखलासाठी वेगळा छोटा गियरबॉक्स होताच. युद्ध संपल्यावर विलिस कंपनीने हीच जीप शेतकऱ्यांसाठी बाजारात आणली तेव्हा एक्सलचा आकडा ५.३८ केला. नागरी जीप लष्करी जीपपेक्षा हळू, कारण तिने आता नांगर ओढायचा होता. ‘लष्करी म्हणून मंद’ हे समीकरण तिथेच मोडते. गियरिंग गणवेश पाहत नाही, काम पाहते.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे: ट्रक गियरमुळे हळू चालत नव्हते, हुकुमामुळे चालत होते. यात तथ्य आहे. अमेरिकेच्या जीएमसी अडीच टनी ट्रकाला पाच गियर होते आणि पाचवा ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे सपाटीवर इंजिनाला आराम देणारा. त्यालाही गव्हर्नर लावून इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला २,७५०वर रोखल्या होत्या, आणि त्या हिशेबाने गाडी ताशी ४५ मैलांवर, ७२ किलोमीटरवर, थांबत होती. फ्रान्समध्ये १९४४च्या २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ या नावाने चाललेल्या रसद ताफ्यांना तर ताशी २५ मैलांचा आणि दोन गाड्यांत ६० यार्ड अंतराचा हुकूम होता. ड्रायव्हरांनी, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, गव्हर्नर काढून टाकले आणि दुप्पट वेगाने गाड्या हाणल्या. चार लाख टनांहून अधिक माल त्यांनी पोहोचवला. मग हुकूम चुकीचा आणि ड्रायव्हर बरोबर असे म्हणायचे का? त्या रणधुमाळीत, एकेरी वाहतुकीच्या युरोपीय डांबरी रस्त्यावर, कदाचित हो. पण किंमतही तशीच पडली: फुटलेले टायर, तुटलेले स्प्रिंग, बसलेली इंजिने. आणि ताफ्याचे गणितही बघावे. ६० यार्ड अंतराने हजार ट्रक उभे केले तर रांग सुमारे ६१ किलोमीटर लांब होते आणि ताशी ४० किलोमीटरने ती एखाद्या पुलावरून जायला दीड तास लागतो. वेग दुप्पट केला तर ब्रेकसाठी अंतरही वाढवावे लागते, रांग लांबते आणि पुलापलीकडे तासाला पोहोचणारे ट्रक दुप्पट होत नाहीत. वारीतल्या दिंडीप्रमाणे ताफ्याची चाल सगळ्यांत मागच्याने ठरते. म्हणून हुकूम आणि गियर यांत विरोध नाही. गाडी घडवणाऱ्याला ताफ्याचा वेग आधीच माहीत होता आणि इंजिन त्या वेगाला कमी कष्टात फिरेल असे दाते त्याने निवडले. कॅनेडियन ट्रकाचे इंजिन ताशी ५६ किलोमीटरला मिनिटाला जेमतेम २,१०० फेऱ्या घेते. तो त्याचा सुखाचा पट्टा होता.

आशियातल्या रस्त्यांवर तर कमाल वेगाचा प्रश्नच फारसा उद्भवला नाही. आसामातल्या लेडोहून चीनमधल्या कुनमिंगपर्यंतचा १,७३६ किलोमीटरचा रस्ता खुला झाल्यावर पहिला ताफा १२ जानेवारी १९४५ला निघाला आणि ४ फेब्रुवारीला पोहोचला. वाटेत लढाई संपण्याची वाट पाहावी लागली हे खरे, तरी सरासरी दिवसाला ७२ किलोमीटर पडली: जीएमसी ट्रकाच्या एका तासाच्या कमाल वेगाइतकी. आपल्या भागातला दाखला तीन वर्षांनंतरचा आहे. १३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली भारतीय फौजा सोलापूरहून निजामाच्या हद्दीत शिरल्या, त्या मुख्यतः महायुद्धातल्याच गाड्या घेऊन. नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडला, दुसऱ्या दिवशी उमरग्याहून पुढे राजेश्वरपर्यंत सुमारे ४८ किलोमीटरची मजल झाली, चौथ्या दिवशी जहिराबादच्या वाटेवरच्या सुरुंगांनी चाल मंदावली. १७ तारखेच्या संध्याकाळी निजामाने शस्त्रे खाली ठेवली. सुमारे ३०० किलोमीटर, पाच दिवस. इतिहासात ही मोहीम विजेच्या वेगाची म्हणून गणली जाते, आणि तरीही त्यात ताशी १०० किलोमीटर जाणाऱ्या ट्रकाने एक दिवसही वाचला नसता. पूल शाबूत मिळणे, पेट्रोल मागून वेळेवर येणे आणि कुठलीही गाडी रस्त्यात बंद न पडणे, या तीन गोष्टींवर सारे अवलंबून होते.

त्याच वर्षी, १ जून १९४८ला, पुण्याहून अहमदनगरला राज्य परिवहनाची पहिली बस सुटली होती. सुरुवातीचा ताफा बेडफर्डचा, पण लवकरच त्यात शेवर्ले, फार्गो, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर असे नाना मेक आले. युद्धानंतर सरकारने शिल्लक लष्करी गाड्या विकायला काढल्या आणि देशभरच्या वाहतूकदारांनी त्या घेऊन त्यांवर लाकडी बॉडी चढवल्या. युद्धाचा हा वारसा रस्त्यांना साजेसा होता. कोकणाला तर विशेषच. मुरुडच्या अण्णासाहेब कर्व्यांना विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी भर पावसात ११० मैल चालत साताऱ्याला जावे लागले होते. त्यानंतर पाऊणशे वर्षे उलटली तरी या पट्ट्याचा मुंबईशी खरा दुवा समुद्राचाच होता. हर्णैला बोट लागायची, पडावातून माणसे आणि सामान ने-आण व्हायचे आणि पावसाळ्यात ती वाट बंद. खाड्यांनी तोडलेल्या, जांभ्या दगडाच्या त्या मुलखात पन्नास-पंचावन्नच्या पुढे जाणारी गाडी असून उपयोग नव्हता. चिखलातून निघणारी आणि घाट चढणारी हवी होती.

पण इथेच हिशेबाची दुसरी बाजू लिहावी लागते. लष्कराला पेट्रोलचा खर्च विचारावा लागत नाही, वाहतूकदाराला लागतो. जीएमसी ट्रक लिटरला साधारण तीन किलोमीटर द्यायचा. पुढच्या चाकांना जोर देणारी यंत्रणा सपाटीवर नुसते वजन म्हणून वाहावी लागे आणि मोठ्या आकड्याच्या डिफरन्शियलमुळे रिकाम्या परतीच्या फेरीतही इंजिन तितकेच फिरत राही. रस्ते सुधारू लागले तसा हा गुण दोष ठरत गेला. १९५४ मध्ये टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेल ट्रक सुरू केले आणि व्यापारी वाहतूक पेट्रोलच्या युद्धकालीन गाड्यांपासून झपाट्याने दूर गेली. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनीही त्याच सुमारास भारतातला गाशा गुंडाळला; इथे पूर्ण उत्पादन करा, नुसती जोडणी नको, असे धोरण सरकारने धरले होते. चारही चाकांना जोर देण्याची परंपरा टिकली ती दोन ठिकाणी. माझगावला महिंद्रांनी १९४९ मध्ये विलिस जीप जोडायला घेतली आणि पुढे कितीतरी वर्षे गटविकास अधिकाऱ्यापासून फौजदारापर्यंत सारे तिच्यातूनच खेडी पालथी घालत राहिले. दुसरे ठिकाण लष्कराचे: जबलपूरला १९५९ पासून जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ ट्रक बनू लागला आणि तो १९९६ पर्यंत बनत राहिला. त्या काळात नागरी ट्रकांचे वेग बरेच बदलले. शक्तिमान मात्र हिमालयाचे चढ डोळ्यांपुढे ठेवूनच चालत राहिला.

आज मुंबई-पुण्याचे हौशी संग्राहक अशा गाड्या पुन्हा उभ्या करतात तेव्हा मोह होतो तो महामार्गावर इतर वाहनांबरोबर चालण्याचा. जीपला ताशी ७२ किलोमीटरवर मिनिटाला सुमारे २,६५० फेऱ्या लागतात, त्या ती सोसते. तीन टनी ट्रकाला त्याच वेगासाठी त्याहून किंचित जास्तच लागतात, पण तिथे इंजिन, टायर आणि ब्रेक तिघेही कुरकुरू लागतात. कुणी क्राउन-पिनियनची जोडी बदलून लहान आकड्याची बसवतो, कुणी वेगळा ओव्हरड्राइव्ह जोडतो. ओव्हरड्राइव्हला निदान इतिहासाचा आधार आहे, जीएमसीने तो १९४१ पासून दिलाच होता, आणि घाट आला की तो काढून मूळ गियरिंगवर परतताही येते. पिनियन बदलणाऱ्याला परतीची वाट राहत नाही. महामार्गावर त्याने ताशी दहा-पंधरा किलोमीटर कमावलेले असतात, ते कशेडीच्या किंवा कुंभार्लीच्या चढावर क्लचच्या रूपाने फेडावे लागतात.